मुरतंय. फेकू नये.

आमच्या रुग्णालयात एक गाय आहे. ती हंबरत नाही, वैरण खात नाही, आणि तिला मुद्दाम बघायला आलेल्या पाहुण्यांची हमखास निराशा होते. शिशाच्या जाड काचेआड त्यांना दिसते ती अंगठ्याएवढी एक नळी, आत राळेचे बारीक मणी, आणि शेजारी एक यांत्रिक हात. पण ही गाय दर नऊ आठवड्यांनी धार देते आणि त्या धारेवर सहा माणसांचा जीव टांगलेला असतो. ज्या मूलद्रव्यातून दुसरं कामाचं मूलद्रव्य सतत तयार होत राहतं, त्याला आमच्या धंद्यात जगभर गायच म्हणतात. कऱ्हाडात आम्ही तिचं नाव कपिला ठेवलं, एवढाच काय तो आमचा वाटा.

मी केतकी शेडगे. कपिलेची धार गेली नऊ वर्षं मीच काढते. २०४७ च्या दिवाळीत माझ्या हातून ही गाय दाव्यावरून सुटली होती. ते सांगताना अजून लाज वाटते, पण त्या महिन्यात ज्या माणसांनी मला सावरलं त्यांचे उपकार एकदा नीट मांडायचे आहेत, म्हणून लाज बाजूला ठेवते.

आधी कपिलेचं घराणं सांगायला हवं. जड मूलद्रव्यांच्या अणूंना स्वस्थ बसवत नाही. ते स्वतःचा एक तुकडा बाहेर फेकतात आणि दुसरंच मूलद्रव्य होऊन बसतात. तेही अस्वस्थ निघालं तर पुन्हा तुकडा, पुन्हा नवं रूप. शेवटी शांत बसणारा अणू सापडेपर्यंत ही साखळी चालते. कुठला अणू कधी फुटेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, पण निम्मे अणू किती काळात फुटतील हे मात्र घड्याळ लावून सांगता येतं. युरेनियमच्या एका जातीला त्यासाठी एक लाख साठ हजार वर्षं लागतात. त्यातून होतं थोरियम, त्याला सात हजार नऊशे वर्षं. थोरियमचं रेडियम होतं, त्याला पंधरा दिवस. रेडियमचं ॲक्टिनियम, त्याला दहा दिवस. आम्हाला हवं असतं ते हे ॲक्टिनियम. गाठीला जाऊन चिकटणाऱ्या एका रेणूच्या पाठीवर ते बसवून शिरेतून सोडलं, की ते नेमकं गाठीत जाऊन बसतं. तिथून पुढे काही मिनिटं, काही तास आणि एका ठिकाणी तर डोळ्याचं पातं लवायच्या आत, साखळी भराभर खाली उतरते आणि वाटेत चार जबर तडाखे देते. ते तडाखे दोन-चार पेशींपलीकडे पोचत नाहीत. गाठ मरते, शेजार वाचतो, आणि शेवटी उरतं निरुपद्रवी बिस्मथ.

हे सगळं मला शिकवलं आप्पा लोहारांनी, आणि त्यांनी ते तीस शब्दांत शिकवलं. त्यांनी बाटल्यांवर चिठ्ठ्याच तशा लावल्या होत्या. थोरियमवर ‘आजी’, रेडियमवर ‘आई’, ॲक्टिनियमवर ‘लेक’. “आजीला नळीत बसवून ठेवायचं. जहाल आम्ल सोडलं की आई आन् लेक भाईर येत्यात, आजी जाग्यावरनं हलत न्हाई. पातळ आम्ल सोडलंस तर मातूर आजीच पदर खोचून भाईर येती. तेवढं संबाळ.” जहाल आम्लाच्या बाटलीला ते लाल दोरा बांधत आणि पातळ आम्लाच्या बाटलीला पांढरा. छापील लेबलं होतीच, पण हातमोजे घालून काचेतून बघताना दोरा चटकन दिसतो.

आप्पा हे शास्त्रज्ञ नव्हते. एका सरकारी प्रयोगशाळेच्या कोठारात ते तंत्रज्ञ होते. पंचवीसेक वर्षांपूर्वी त्या कोठारातल्या जुन्या युरेनियमच्या अकरा बाटल्यांची विल्हेवाट लावायचा हुकूम निघाला, कारण कागदोपत्री त्यांची मुदत संपली होती. औषध जुनं झालं की कमजोर होतं, हा कारकुनी हिशेब. पण या बाटल्यांत थोरियम दर वर्षी गुंजभर का होईना वाढत होतं, आणि हे आप्पांना ठाऊक होतं. फाईल तीनदा आली, तीनदा त्यांनी परत पाठवली, आणि तिन्ही वेळा शेऱ्याच्या रकान्यात एकच ओळ लिहिली: ‘मुरतंय. फेकू नये.’ त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला आणि बढती कायमची अडकली. ॲक्टिनियमचा उपयोग सिद्ध झाला तेव्हा सगळे धावत त्या कोठाराकडे गेले. आज राज्यात अशा चार गाई आहेत आणि त्या चारींचं थोरियम त्या अकरा बाटल्यांतलं आहे. आप्पा मात्र निवृत्त होऊन कऱ्हाडात आले आणि आमची गाय बांधून द्यायला दोन वर्षं फुकट राबले.

आता वन्संकडे येते. उज्ज्वला शेडगे, माझी मोठी नणंद. ‘वन्सं’ हा शब्द आमच्या पिढीत कोणी वापरत नाही, पण लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, “ताई-बिई म्हणू नकोस. वन्सं म्हण. जरा वचक राहतो.” वचक काही राहिला नाही. माझी इरा आठ महिन्यांची असताना मला हे प्रशिक्षण घ्यायला दोन वर्षं बाहेर जावं लागलं, तेव्हा आपला शिवणक्लास बंद करून इराला सांभाळायला त्या आमच्याकडे येऊन राहिल्या. मी कधी आभार मानायला गेले की म्हणायच्या, “पोरगी गोड आहे म्हणून सांभाळली. तू असतीस तर विचार केला असता.”

त्या वर्षी श्रावणात त्यांच्या यकृतात अकरा गाठी निघाल्या. आमचे डॉक्टर तांबोळी यांनी सगळं तपासून सांगितलं की या गाठींना ॲक्टिनियम लागू पडेल. दिवाळीच्या धारेच्या यादीत वन्संचा नंबर तिसरा लागला. यादी डॉक्टर आणि समिती ठरवतात, मी त्यात बोटही घातलं नव्हतं.

धार निघाली वसुबारसेच्या दुसऱ्या दिवशी. वसुबारसेला आम्ही कपिलेची पूजा करतो, हे आमचं दरवर्षीचं खूळ. काचेवर हळदीकुंकू, समोर बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी, जी नंतर आम्हीच खातो. त्या वर्षी माझा आनंद जरा उतू चालला होता. माझ्याच गाईच्या धारेनं माझ्या वन्सं बऱ्या होणार होत्या. त्या भरात मी आम्लाच्या कपाटातल्या बाटल्यांनाही हळदीकुंकू लावलं, मळलेले जुने दोरे सोडले आणि सगळ्या बाटल्यांना एकेक नवा कोरा लाल दोरा बांधला. सगळ्या बाटल्यांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्राच्या खाचेत बाटली बसवताना माझ्या हातानं लाल दोरा पाहिला आणि उचलला. इतक्या वर्षांची सवय, लेबलाकडे बघतंय कोण. दहा मिनिटांनी पडद्यावर आलेख उमटला. लेकीच्या आणि आईच्या खुणांशेजारी एक तिसरी खूण वाढत होती, आणि ती तिथे असायला नकोच होती. आजी बाहेर आली होती. सगळं थोरियम, रेडियम, ॲक्टिनियम एका बाटलीत कालवलं गेलं होतं. हे माणसाच्या शिरेत सोडणं शक्य नव्हतं.

यंत्रानं निर्विकारपणे लिहिलं: ‘बॅच अयोग्य. चार तासांत विल्हेवाट.’

म्हणजे चार तासांनी तो यांत्रिक हात बाटली उचलणार, शिशाच्या पिंपात घालणार आणि पिंपाला सील ठोकणार. एकदा सील लागलं की कायद्यानं तो कचरा. नवी गाय मिळायला दीड वर्ष तरी लागलं असतं, आणि बाकी तीन गाईंच्या याद्या आधीच भरलेल्या होत्या. वन्संकडे दीड वर्ष नव्हतं. बाहेरच्या बाकांवर बसलेल्या सहाही जणांकडे नव्हतं. मी खाली फरशीवरच बसले.

मग उठून आप्पांना फोन लावला. सगळं सांगितलं, दोऱ्यासकट.

“बाटली फुटली न्हाई न्हवं?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“सांडलं न्हाई?”

“नाही आप्पा.”

“मग रडतीस कशापायी? सगळी एकाच घरात हाईत. परत ज्याच्या त्याच्या खोलीत घालायची. रिक्षा करून येतो. तवर त्या यंत्राला थोपव.”

यंत्राला थोपवायची एकच वाट होती. विल्हेवाट थांबवायची असेल तर कारण लिहायचं आणि खाली आपलं नाव घालायचं. पुढे जे होईल त्याची जबाबदारी त्या नावावर. कारणाचा रकाना रिकामा लुकलुकत होता. मला एकही शास्त्रीय वाक्य सुचेना. मी लिहिलं, ‘मुरतंय. फेकू नये. केतकी शेडगे.’ पंधरा मिनिटांत पुण्याहून नियामक कार्यालयाचा फोन आला. हे काय लिहिलंय, असं विचारणारा आवाज तरुण होता आणि वैतागलेला होता. मी त्याला पूर्ण चूक सांगितली, दोऱ्याचीही. तो म्हणाला, “परत वेगळं करून दाखवा. पण त्यानंतर तुमची नळी दोन महिने बंद, चौकशी होईपर्यंत.” मी कबूल झाले.

आप्पा आले ते पायात रबरी चपला आणि खांद्यावर पंचा अशा थाटात. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे हात, त्यांना कंप. काम करणं त्यांना शक्य नव्हतं. ते काचेच्या अलीकडे खुर्ची टाकून बसले आणि मी हातमोज्यांत हात घालून उभी राहिले. द्रावण मंद आचेवर आटवायचं, पार कोरडं होऊ द्यायचं, मग जहाल आम्लात विरघळवून पुन्हा नव्या मण्यांच्या नळीतून सोडायचं. वाचायला तीन ओळी आहेत, करायला दीड दिवस गेला. घाई केली तर उडून जाणार, रेंगाळलं तर लेक रोज सात टक्क्यांनी कमी होणार. “आच कमी कर,” आप्पा म्हणत. “बासुंदी आटीवतीस का काय?” दर बाटलीचं लेबल ते मला मोठ्यानं वाचायला लावत आणि मी पहिलीतल्या पोरीसारखी वाचत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी आलेखावर आजीची खूण नळीत स्थिर झाली. मग दुसऱ्या एका नळीतून ‘आई’ आणि ‘लेक’ आपापल्या बाटल्यांत वेगळ्या झाल्या. आप्पांनी पंच्यानं तोंड पुसलं आणि मी त्या वयस्क माणसाच्या पाया पडले. ते म्हणाले, “ऊठ ऊठ, आधी मोज.”

मोजलं. लेक पाच जणांपुरती होती. यादीत सहा माणसं होती.

सहावे होते दस्तगीर मुजावर, पाटणकडचे एस.टी.चे चालक, वय चव्वेचाळीस. आदल्या सकाळपासून बायकोला घेऊन बाकावर बसले होते आणि ‘थोडा उशीर होतोय’ म्हटल्यावर त्यांनी मलाच चहा आणून दिला होता. नियमानं पाहिलं तर पहिले पाच पात्र, सहावा पुढच्या वेळी. पण पुढची धार आता कधी, कोण जाणे. नळीला सील लागत होतं. हाताशी उरत होती फक्त ‘आई’ची बाटली. रेडियमला एकटं ठेवलं तर त्यातून पुन्हा ॲक्टिनियम जमतं. ते सतराव्या-अठराव्या दिवशी सर्वात जास्त असतं, त्यानंतर आई स्वतःच आटत जाते. म्हणजे सतरा दिवसांनी एका माणसाचा डोस नक्की निघणार होता, कदाचित दोघांचा.

कोणीतरी सतरा दिवस थांबायचं होतं. तांबोळींनी स्पष्ट सांगितलं, “मुजावरांना किंवा बाकीच्या चौघांना सतरा दिवस मी देऊ शकत नाही. उज्ज्वलाताईंची कावीळ सध्या २.१ आहे. तीनच्या वर गेली तर मला डोस देता येणार नाही, यकृताला झेपणार नाही. त्या कदाचित थांबू शकतील. कदाचित. पण त्यांचा नंबर तिसरा आहे, आणि मी त्यांना थांबा म्हणणार नाही.”

मीही म्हणणार नव्हते. खरं सांगते, दोन पावलं मी यादी घेऊन पहिल्या पाचांना बोलवायलाच निघाले होते. मग वन्संच्या खाटेपाशी गेले आणि दोऱ्यापासून मुजावरांपर्यंत सगळं सांगून टाकलं. त्यांच्यापासून काही लपवायची मला कधी सवयच नव्हती.

“तुझ्या हातनं झालं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“मग त्यात विचारायचं काय? पंगतीत वाढताना कमी पडलं तर पाहुण्याला उठवतात होय? घरची माणसं मागनं बसतात.”

“वन्सं, मागची पंगत बसेलच असं नाही.”

“नाही बसली तर नाही बसली.” त्यांनी डोळे मिटले. भीती त्यांनाही वाटत होती. “घरी ने मला. येताना दोन डझन लिंबं घे, पातळ सालीची.”

त्यांच्या वाटणीचा डोस मुजावरांना गेला आणि त्याच संध्याकाळी वन्संनी लिंबाचं लोणचं घातलं. उभं राहवत नव्हतं, म्हणून पाटावर बसून फोडी केल्या, मीठ-साखर-तिखट लावलं, बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला. एरवी त्या बरणीवर चिठ्ठी लावून तारीख घालत. या वेळी घातली नाही. इरा आता सोळा वर्षांची, तिनं विचारलं, “आत्या, कधी खायचं?”

“साल मऊ पडली की. सतरा-अठरा दिवस लागतील,” वन्सं म्हणाल्या आणि माझ्याकडे बघून हसल्या.

ते सतरा दिवस कसे गेले ते काय सांगू. दर तिसऱ्या दिवशी रक्त तपासायचं. २.२. मग २.४. अन्न नकोसं झालं होतं, अंगाला खाज सुटायची. आप्पा रोज चारच्या सुमाराला यायचे आणि व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे. आल्या आल्या मला विचारायचे, “आईची तब्येत कशी हाय?” तेवढ्यात आतून वन्सं ओरडायच्या, “आईची नंतर विचारा, आधी माझी विचारा!” त्या दोघांचं चांगलंच जमलं. अकरा बाटल्या, तीन फायली आणि मेमो ही कहाणी वन्संनी त्यांच्याकडून तीन-तीनदा सांगून घेतली.

“राग नाही आला साहेबाचा?” त्यांनी एकदा विचारलं.

“आला की. पर त्यो बी बिचारा कागुद वाचत हुता. बाटलीत काय चाललंय ते कागदाला कुठं दिसतंय?”

तेराव्या दिवशी २.७ आली. त्या दिवशी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तर दारात इरा उभी. तिनं माझ्या हातात टॉवेल दिला. ही पोरगी वन्संनी वाढवलेली, हे तेव्हा पुन्हा एकदा कळलं.

सतराव्या दिवशी सकाळी मी ‘आई’ची बाटली घेतली. आम्लाच्या बाटलीवर दोरा नव्हता. मी लेबल तीनदा मोठ्यानं वाचलं, काचेपलीकडे आप्पांनी तीनदा मान डोलावली. आलेखावर एकच खूण उभी राहिली, स्वच्छ आणि उंच. लेक. मोजलं, दोन माणसांपुरतं होतं. दुसरा डोस डॉक्टरांनी सोलापूरला एका बाईंसाठी लगेच गाडीनं रवाना केला. वन्संचं सकाळचं रक्त आलं होतं, २.९.

“देऊन टाकू,” तांबोळी म्हणाले.

शिरेत सुई गेली. ते पाण्यासारखं औषध, चमचाभरसुद्धा नाही. वन्सं छताकडे बघत होत्या. “केतकी, हे सगळं फुटून झाल्यावर माझ्या अंगात काय उरणार?”

“बिस्मथ. कणभर. तोही डोळ्याला न दिसणारा.”

“ते काय करतं?”

“काही नाही वन्सं. नुसतं बसतं.”

“चला, घरात एकजण तरी स्वस्थ बसणारं आलं,” त्या म्हणाल्या.

तीन महिन्यांनी यकृताचं स्कॅन झालं. अकरांपैकी आठ गाठी गेल्या होत्या, तीन वाळलेल्या मटारएवढ्या उरल्या होत्या, कावीळ उतरली होती. तांबोळींनी पडदा आमच्याकडे वळवला आणि चष्मा पुसत बसले. मुजावरांनी तर आधीच गाडी चालवायला सुरुवात केली होती. कऱ्हाडच्या फेरीला आले की घरी डोकावून जात. चौकशी संपली, मला लेखी ताकीद मिळाली, ती योग्यच होती. आम्लाची तीव्रता तपासणारा संवेदक राज्यातल्या चारी यंत्रांना बसवला गेला. नियमावलीतली चार तासांची अटही काढली गेली. पुण्याच्या त्या वैतागलेल्या तरुणानं मला कळवलं की नव्या नियमात आता लिहिलंय, जनक मूलद्रव्य असलेली कोणतीही बाटली माणसानं पाहिल्याशिवाय फेकू नये. आप्पांचं नाव त्यात नाही. मी पत्र लिहून मागणी केली आहे, बघू.

कपिलेचं सील निघालं त्या दिवशी आम्ही आप्पांना बोलावलं. वन्सं स्वतः चालत आल्या, हातात कापडी पिशवी. बाहेरच्या खोलीत त्यांनी पिशवीतून बरणी काढून आप्पांच्या पुढ्यात ठेवली. लोणचं गडद तांबूस झालं होतं, फोडी काचेला टेकून मऊ बसल्या होत्या. बरणीवर चिठ्ठी होती, वन्संच्या टपोऱ्या अक्षरात: ‘मुरतंय. फेकू नये.’

आप्पांनी ती चिठ्ठी मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, “मेमो हाय न्हवं ह्यो? मग खाली सही पायजे. आन् तारीख. त्याबिगर चालत न्हाई.”

वन्संनी माझ्या खिशातलं पेन ओढून घेतलं, बरणी मांडीवर आडवी धरून सही केली आणि खाली त्या दिवसाची तारीख घातली. आप्पांनी चष्मा कपाळावरून खाली ओढला, तारीख दोनदा वाचली, आणि बरणी दोन्ही हातांनी उचलून पिशवीत ठेवली.